फिलिपिनो-कोरियन महोत्सव, सासूबाई आणि पाच खडे

मकातीकरीण

मनिलात येऊन मला सहा वर्षं झाली. सासूबाई मात्र यंदा पहिल्यांदाच आल्या, तीन महिन्यांसाठी. पहिल्या पंधरवड्यात रिझाल पार्क झालं, इंत्रामुरोस झालं, पाको भागातलं हिंदू मंदिर झालं. रोहास बुलेव्हार्डवरची मॅगसेसे पुरस्काराची इमारतही बाहेरून बघून झाली. ही त्यांचीच फर्माईश. "विनोबांना इथूनच मिळाला ना गं पुरस्कार? आणि बाबा आमट्यांना?" (हो. विनोबांना १९५८ साली, म्हणजे पहिल्याच वर्षी. बाबांना १९८५ मध्ये, प्रकाश-मंदाताईंना २००८ मध्ये.) पुढे मग मॉल. नंतर दुसरा मॉल. तिसऱ्या मॉलच्या दारात त्या म्हणाल्या, "अगं, हे तेच नाही का?"

तेवढ्यात ऑफिसातल्या मैत्रिणीनं फिलिपिन्स-कोरिया सांस्कृतिक महोत्सवाची जाहिरात पाठवली. रविवार, पासायमधलं वातानुकूलित सभागृह, प्रवेश मोफत. नवरा येणार होता, पण ऐनवेळी त्याला काम आलं. उरलो आम्ही दोघी. माझ्या मनात धाकधूक, कारण आई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, मासमच्छर वर्ज्य आणि इंग्रजी 'थँक्यू'पुरतं. त्यांना तिथे पाच तास बसवायचं म्हणजे शिक्षाच की काय! पण कोरियन मालिका हिंदीत बघून बघून त्यांना त्या लोकांच्या घरातलं सगळं माहीत. "चल की. त्या मालिकेतल्या सासवा तरी प्रत्यक्ष बघू."

एमआरटीच्या पहिल्या डब्याचा पुढचा भाग ज्येष्ठांना, अपंगांना, गरोदर बायकांना राखीव असतो. आई तिथे थाटात बसल्या. ताफ्तला उतरलो तर स्टेशनबाहेर नाताळची गाणी. महिना सप्टेंबर! इथे ज्या महिन्याच्या नावाच्या शेवटी 'बर' येतं तो नाताळचा महिना, हे त्यांना समजावलं. त्यावर म्हणाल्या, "बरं आहे, आपला गणपती दहाच दिवस."

आत पोचलो तेव्हा मंचावर सामुलनोरी चालू होतं. चार वाद्यं: क्वेंगवारी नावाची छोटी थाळी, चिंग ही मोठी थाळी, बुक हा ढोल आणि कमरेत आवळलेल्या डमरूसारखा चांगगू. कोरियन लोक म्हणतात की छोटी थाळी म्हणजे वीज, मोठी म्हणजे वारा, चांगगू म्हणजे पाऊस आणि ढोल म्हणजे ढग. शेजारच्या फिलिपिनो पोरानं मला हे सांगितलं, मी आईंना सांगितलं. त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या. म्हणाल्या, "वीज जास्त झालीय. पाऊस ऐकू येईना." खरंच थाळीवाला सगळ्यांना झाकून टाकत होता! मला सांगेपर्यंत कळलं नव्हतं. चाळीस वर्षं भजनात टाळ धरलेला माणूस वेगळं ऐकतो.

मग फिलिपिनो पोरापोरींचे के-पॉप नाच. एकेक पथक असं की बघत राहावं. त्यानंतर कोरियन आजी-आजोबांच्या गटानं तागालोग या इथल्या भाषेतलं गाणं म्हटलं. उच्चार अडखळत होते, टाळ्या मात्र सगळ्यात जास्त त्यांनाच पडल्या. पाठोपाठ टिनिकलिंग, म्हणजे आपटणाऱ्या बांबूंमधून पाय काढत केलेला नाच. लेयते बेटाकडचा. टिकलिंग नावाचा लांब पायांचा पक्षी भातशेतीतले बांबूचे सापळे चुकवत उड्या मारतो, त्याची नक्कल.

पण मी हा धागा काढला तो पुढच्या गोष्टीसाठी.

सभागृहाच्या मागच्या बाजूला खेळांची टेबलं होती. एकीकडे जेगिचागी, म्हणजे कागदी झिरमिळ्यांचा गोंडा पायानं वर उडवत ठेवायचा. शेजारीच फिलिपिनो सिपा. तोही पायानंच उडवायचा. दोन्हीकडची पोरं एकमेकांचा खेळ खेळून बघत होती. पलीकडच्या टेबलावर सुंगका, लाकडी खाचांमध्ये शिंपले भरत जायचा खेळ. आणि कोपऱ्यात जमिनीवर चटई टाकून एक कोरियन बाई बसलेल्या. वय आईंएवढंच, सत्तरीच्या आतबाहेर. अंगात फिकट हिरवा हानबोक, म्हणजे कोरियन पारंपरिक पोशाख. पुढ्यात पाच रंगीत प्लास्टिकचे खडे.

आई थबकल्या. मला म्हणाल्या, "सागरगोटे!"

त्याला गोंगी म्हणतात. २०२४ च्या शेवटी एका गाजलेल्या कोरियन मालिकेत तो दाखवला, तेव्हापासून इथल्या पोरांना त्याचं वेड लागलंय. आईंनी ती मालिका बघितलेली नाही (रक्त फार, म्हणून बंद केली होती). त्यांनी पर्स माझ्याकडे दिली, पदर खोचला आणि मांडी घालून बसल्या. संधिवाताच्या गुडघ्यांनी, बरं का. घरी देवपूजा खुर्चीवर बसून चालते.

नियम खुणांनीच कळले. आधी एकेक खडा, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही एकदम. प्रत्येक वेळी एक खडा वर उडवायचा आणि तो खाली यायच्या आत जमिनीवरचे उचलायचे. इथपर्यंत आपलंच. पण शेवटची पायरी निराळी. पाचही खडे उडवून हाताच्या पाठीवर झेलायचे आणि तिथून पुन्हा उडवून मुठीत पकडायचे. जितके मुठीत तितके गुण. एक जरी निसटला तरी सगळे गेले.

पहिल्या डावात आई दोन-दोनलाच बाद. "हे फार हलकं आहे, हातात बसत नाही." दुसऱ्यात तीनपर्यंत. तिसऱ्यात चार उचलले, पाठीवर पाच झेलले आणि मुठीत पाचही! कोरियन बाई "ओऽऽ" करून मागे रेलल्या. मागे उभी असलेली फिलिपिनो पोरं ओरडली, "आंग गालिंग नि लोला!" म्हणजे आजी भारी. मग खरी जुंपली. अर्धा तास दोघींना भोवतालचं भान नव्हतं. शेवटी गुण किती झाले विचाराल तर कुणीच मोजले नाहीत. मी मोजत होते, पण मला दोघींनीही विचारलं नाही.

उठताना त्या बाईंनी आईंच्या माळेला हलकेच बोट लावलं आणि भुवया उंचावल्या. आईंनी आकाशाकडे बोट दाखवून हात जोडले. बाईंनी हानबोकच्या आतून आपली जपमाळ काढून दाखवली. कॅथलिक होत्या. मग दोघींनी मणी मोजल्यासारखं केलं. त्यांचे एकोणसाठ, आपले एकशे आठ. आईंच्या चेहऱ्यावर जरा विजय दिसला, खोटं कशाला बोलू.

आणि मग ती पोरं एकेक करून आली, आईंचा हात हातात घेऊन आपल्या कपाळाला लावला. 'मानो पो' म्हणतात. इकडचा वडीलधाऱ्यांना करायचा नमस्कार. आई गोंधळल्या नाहीत. प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून "औक्षवंत हो" म्हणत राहिल्या.

फोटो टाकत नाही, त्यांना आवडत नाही. तुमच्यापैकी कुणी असल्या महोत्सवांना घरच्या ज्येष्ठांना घेऊन गेलंय का? काय अनुभव?

झणझणीत_मिसळ

फुकट ते पौष्टिक! मस्त लिहिलंय. पण माळकरी माणसानं तिथे खाल्लं काय? तो भाग शिताफीनं गाळलात.

मकातीकरीण

गाळला नाही हो, वेगळा लिहिणार होते.

कोरियन बाजू आम्हाला अवघड गेली. किमची भाजीची असली तरी तिच्यात बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशाचं पाणी पडतं. तोकबोकी नुसती तांदळाची लांबट वळकटी दिसते, पण रस्सा सुक्या माशाचा असतो आणि वर माशाचेच काप. जापचे या शेवयांत बीफ. आम्ही होत्तोक खाल्ले. ती तव्यावर दाबून भाजलेली जाडसर पोळी, आत वितळलेली तपकिरी साखर, दालचिनी आणि दाणे. आई म्हणाल्या, गुळपोळीला यीस्ट घातलं की हेच होईल.

फिलिपिनो बाजूनं तारलं. सुमान (चिकट तांदूळ नारळाच्या दुधात शिजवून केळीच्या पानात बांधतात), सापिन-सापिन (तांदळाच्या पिठाचे रंगीत थर) आणि ताहो. ताहो म्हणजे मऊ लुसलुशीत टोफू, वरून गुळासारखा पाक आणि साबुदाणा. साबुदाणा दिसल्यावर आईंचा जीव भांड्यात पडला. बिबिंकात अंडं असतं, ते टाळलं. ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी तीन शब्द पाठ करून ठेवा: 'वालांग कार्ने, वालांग इस्दा, वालांग पातिस'. मांस नको, मासा नको, माशाचा सॉस नको. हा तिसरा विसरलात तर पहिले दोन फुकट.

हालो_हालो_प्रेमी

हालो-हालो आणि पातबिंगसू शेजारी शेजारी ठेवून खाल्ले की नाही? दोन्ही किसलेल्या बर्फाचे. हालो-हालोमध्ये राजम्यासारख्या गोड बिया, फणस, नारळाची मलई, जांभळ्या कोनफळाचा हलवा, वर कच्च्या भाताचे पोहे (पिनिपिग) आणि काचेच्या उंच पेल्यात चमच्यानं सगळं ढवळायचं. नावाचाच अर्थ कालवाकालव. कोरियन पातबिंगसूमध्ये बर्फ दुधाचा आणि वर लाल चवळीसारखं गोड पुरण. दोन्हींचा माग काढला तर जपानी काकिगोरीपाशी जातो. मनिलात दुसऱ्या महायुद्धाआधी जपानी दुकानदार विकायचे, कोरियात जपानी राजवटीत आला. दोघांनीही नंतर तो इतका आपला केला की आता जपानचं नाव काढलं तर भांडण होईल.

मकातीकरीण

खाल्ले! आईंनी हालो-हालोतला अंड्याचा फ्लान काढायला लावला. बाकी सगळं खाल्लं आणि "हा तर उपवासाचा आणि श्राद्धाचा स्वयंपाक एका पेल्यात" असा शेरा मारला.

हानगांगकाठचा

सोलहून लिहितोय. याचीच उलटी बाजू इथे बघायला मिळते. दर रविवारी ह्येह्वाच्या कॅथलिक चर्चमध्ये तागालोगमध्ये मिस्सा होते आणि बाहेरच्या फुटपाथवर फिलिपिनो बाजार भरतो. वाळवलेले मासे, तळलेली केळी, फोनची कार्डं, बालूत (आत पिल्लू वाढलेलं उकडलेलं अंडं), सगळं. आठवडाभर कारखान्यात राबलेली माणसं तिथे चार तास आपल्या भाषेत मोठ्यानं बोलतात. मी एकटा राहतो, बरेचदा नुसता आवाज ऐकायला जातो. तिथे कुणीच 'सांस्कृतिक महोत्सव' म्हणत नाही. पण मला तो जास्त खरा वाटतो.

आणि एक. मनिलात कोरियन म्हणजे पर्यटक, विद्यार्थी, दुकानदार. २०१९ मध्ये जवळजवळ २० लाख कोरियन फिलिपिन्सला फिरायला गेले होते. इथे फिलिपिनो म्हणजे कामगार किंवा कोरियन शेतकऱ्याशी लग्न करून आलेली बाई. दोन्हीकडचं पारडं सारखं नाही, हे मंचावर दिसत नाही. अर्थात जॅस्मिन ली या मूळ फिलिपिनो बाई २०१२ मध्ये कोरियाच्या संसदेत निवडून गेल्या. तेव्हा इथे बराच गदारोळही झाला होता.

रणगाडा

इतिहासाची थोडी भर घालतो. दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध ३ मार्च १९४९ पासूनचे. पुढच्याच वर्षी युद्ध पेटलं आणि फिलिपिन्सनं आपले जवान कोरियात पाठवले. १९५० ते १९५५ या काळात एकूण ७,४२० जण गेले, त्यांतले ११२ कामी आले. एप्रिल १९५१ मध्ये युलतोंगला त्यांच्या १० व्या बटालियननं चिनी हल्ल्यापुढे रात्रभर तग धरला. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले फिदेल रामोस तिथे तरुण अधिकारी म्हणून लढले. आणि तुमच्या सासूबाई ज्यांच्या नावाच्या विमानतळावर उतरल्या ते निनॉय अकिनो सतराअठराव्या वर्षी वर्तमानपत्राचे बातमीदार म्हणून त्या युद्धावर गेले होते.

आपलाही दुवा आहे. भारतानं लढायला सैन्य नाही पाठवलं, पण ६० पॅरा फील्ड अँब्युलन्स हे वैद्यकीय पथक १९५० मध्ये तिथे होतं. आणि १९५३ मध्ये युद्धकैद्यांची राखण करायला जे भारतीय दल गेलं त्याचे सेनापती मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचे. सासूबाई कुठल्या?

मकातीकरीण

सांगली! त्यांना वाचून दाखवलं. "थोरातसाहेब होय, आमच्या वडिलांनी बघितलेले" म्हणाल्या. खरं-खोटं विठ्ठलाला माहीत.

चष्मेबद्दूर_नागपूर

@रणगाडा, मला एका फिलिपिनो सहकाऱ्यानं सांगितलं की सोलचं चांगचुंग स्टेडियम फिलिपिनो अभियंत्यांनी बांधलं, कारण तेव्हा कोरिया इतका गरीब होता की त्यांना जमत नव्हतं.

रणगाडा

हे फिलिपिन्समध्ये पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं, कोरियातही अनेकजण सांगतात. पण १९६३ मध्ये उघडलेल्या त्या स्टेडियमचा आराखडा कोरियन वास्तुरचनाकाराचा होता. साठच्या दशकात फिलिपिन्स कोरियापेक्षा सुस्थितीत होता हे मात्र खरं, त्यामुळे गोष्ट पटकन पटते. जुन्या श्रीमंतीची आठवण कुठेतरी टेकवायला लोकांना एक इमारत लागते.

वाकडं_बोट

लेख छान आहे, पण एक खटकतं. कुठेही गेलं की आपल्याला आपलंच दिसायला लागतं. गोंगी म्हणजे सागरगोटे, होत्तोक म्हणजे गुळपोळी, मानो पो म्हणजे नमस्कार. मग तिथे गेलात कशाला? सांगलीतच बसायचं. दुसऱ्याची संस्कृती बघताना तिचं वेगळेपण नको का दिसायला? खडे उडवून झेलण्याचा खेळ जगभर आहे, त्यात आपलेपणा शोधणं म्हणजे सगळ्या माणसांना दोन हात असतात याचं कौतुक करण्यासारखं आहे.

मकातीकरीण

मुद्दा मान्य, पण अर्धाच. ओळखीचं काही दिसल्याशिवाय आई त्या चटईवर बसल्याच नसत्या. आणि बसल्यावर त्यांना आधी फरकच जाणवला. खडे हलके आहेत, ते घरंगळत नाहीत, पाठीवर झेलायची पायरी आपल्याकडे अशी नाही. मी तिथे उभी राहून 'अय्या, सेम!' करत होते. त्या खाली बसून हरत होत्या आणि शिकत होत्या.

आणखी एक सांगते, त्यावरून ठरवा. एका टेबलावर सोंगप्योन करून दाखवत होते. तांदळाच्या उकडीत तीळ-मध किंवा मुगाचं सारण भरून अर्धचंद्र वळायचा आणि पाइनच्या सुयांवर वाफवायचा. मी लगेच 'मोदक!' म्हटलं. आईंनी विचारायला लावलं की हे कोणत्या सणाला करतात. छुसोकला, म्हणजे त्यांच्या आठव्या महिन्यातल्या पौर्णिमेला. त्या दिवशी सकाळी पूर्वजांपुढे नव्या भाताचा नैवेद्य मांडतात. आईंनी बोटांवर तिथ्या मोजल्या. म्हणाल्या, "म्हणजे भाद्रपद पौर्णिमा. महालय लागतो तेव्हा. हा मोदक नव्हे गं, पितरांचं पान आहे." मी घरी येऊन तारखा पडताळल्या. २०२२, २०२३, २०२४, तिन्ही वर्षी छुसोक भाद्रपद पौर्णिमेच्या आसपास. २०२५ मध्ये मात्र ६ ऑक्टोबरला, म्हणजे आपल्या कोजागरीला. अधिक महिन्याचा घोळ त्यांच्याकडेही आहे.

तुम्ही म्हणता तसं साम्यच बघायचं असतं तर मी मोदकावर थांबले होते.

वाकडं_बोट

हे आवडलं. बोट थोडं सरळ करतो.

आळंदीचा_वाटसरू

+१ सासूबाईंना. 'वीज जास्त झालीय, पाऊस ऐकू येईना' हे आमच्या भजनी मंडळाच्या गटावर टाकलं. आमच्याकडेही एक वीज आहे.

ऐजॉलची_पुणेकरीण

टिनिकलिंगवरून आठवलं. यजमान सैन्यात, त्यामुळे आम्ही मिझोरामला तीन वर्षं होतो. तिथला चेराव असाच बांबूंचा. फरक असा की चेरावमध्ये उभे-आडवे बांबू मिळून चौकोन होतात आणि बरेच जण एकदम नाचतात. टिनिकलिंगला बहुधा दोनच बांबू आणि ठेका तीन मात्रांचा. मी एकदा मध्ये शिरले होते. घोट्याला नीळ पडली ती पंधरा दिवस. बघायला जितकं हलकं दिसतं तितकं नाही.

मंचावर सिंगकिल झालं का? तेही बांबूतलंच, पण पंखे घेऊन, फार डौलदार.

मकातीकरीण

सिंगकिल नव्हतं या वेळी. पण सांगितल्याबद्दल आभार, कारण तो नाच मारानाव लोकांच्या दारांगेन महाकाव्यातल्या प्रसंगावर आहे, आणि त्याच लोकांकडे 'महारादिया लावाना' नावाची रामकथाही आहे. लावाना म्हणजे आपला रावण. मुस्लिम समाज, मिंदानाओ बेट, आणि घरात रावणाची गोष्ट. आईंना हे सांगितल्यापासून त्यांना मिंदानाओला जायचंय. तिकिटं फुकट नाहीत, हे सांगून झालं.

ताम्रपट

रामकथा निघालीच आहे म्हणून. तागालोगमध्ये संस्कृतातून गेलेले शब्द बघा: मुखा (चेहरा), गुरो (शिक्षक), दुखा (हालअपेष्टा), बलिता (बातमी, आपली वार्ता). आणि सासूबाई अजून तिथे असतील तर मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात लागुना ताम्रपट दाखवा. काळपट पत्रा आहे, दिसायला काहीच नाही. पण त्यावरची तारीख वाचा: शके ८२२, वैशाख, कृष्ण चतुर्थी, सोमवार. म्हणजे इसवी सन ९००. फिलिपिन्सचा हा सगळ्यात जुना तारीखवार दस्तऐवज. तिथी संकष्टीची, आणि मजकूर काय? एका घराण्याला सोन्याच्या कर्जातून मुक्त केल्याचा दाखला!

झणझणीत_मिसळ

म्हणजे पहिला कागद कर्जमाफीचाच. विदर्भ-मराठवाड्यात कळवा कुणीतरी.

केझोन_काका

मनिलात बावीस वर्षं झाली, म्हणून ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. शाल न्या. बाहेर घामानं भिजता आणि आतल्या थंडीनं सर्दी होते. दुपारी दोनच्या आत पोचा, चारनंतर के-पॉपवाली पोरं आली की खुर्ची मिळत नाही. मंचाच्या शेजारी भोंग्यासमोर बसू नका. आणि हानबोक घालून फोटो काढायची सोय असते तिथे रांग लांब असली तरी टाळू नका. इकडच्या बायकांना ज्येष्ठांना सजवायची फार हौस. कुणी 'बुंबाय' म्हणालं तर रागावू नका, मुंबईवरून पडलेला शब्द आहे, सगळ्याच भारतीयांना चिकटलाय. व्याजानं पैसे देणारा म्हणजे बुंबाय, हा अर्थही त्यातच आला. विसाया भागात तर कांद्यालाच बोंबाय म्हणतात.

लासलगावकर

कांद्याला बोंबाय?? लासलगाव म्हटलं असतं तर न्याय झाला असता.

मकातीकरीण

@केझोन_काका, हानबोक घातला की! नऊवारीवरून. खालचा घेर मोठा असल्यामुळे बसला. वरच्या जॅकेटची पट्टी एका बाजूला फास देऊन बांधायची असते. तिथली मुलगी शिकवत होती, तेवढ्यात आमच्या गोंगीवाल्या बाई आल्या, तिला बाजूला केलं आणि स्वतः बांधली. मग त्यांनी तागालोगमध्ये विचारलं, "कुमाईन ना पो बा कायो?" म्हणजे जेवलात का? तागालोगमध्ये ख्यालीखुशाली अशी विचारतात, कोरियनमध्येही अशीच. त्या वीस वर्षं इथे आहेत, मालातेमध्ये किराण्याचं दुकान आहे, हे तेव्हा कळलं. मी आईंना भाषांतर करून सांगायच्या आत आईंनी "हो हो, तुम्ही?" असं मराठीत उत्तर दिलेलं. कसं कळलं विचारलं तर म्हणतात, "दुपारी अडीच वाजता दुसरं काय विचारतात?"

निघताना बाईंनी ते पाच खडे आईंच्या हातात कोंबले. आता ते देव्हाऱ्याशेजारी वाटीत आहेत. रोज संध्याकाळी हरिपाठ झाला की सराव चालतो.

आईंचा एक प्रश्न आहे, त्यांच्याच शब्दांत: "सांगली-मिरज-तासगावकडे कुणाच्या कुंपणाला गजग्याची, म्हणजे सागरगोट्यांची वेल असेल तर कळवा. पाच नकोत, दहा हवेत. पाच त्या बाईंना द्यायचेत. प्लास्टिकला काही वजन नाही." पुढच्या वर्षी पुन्हा यायचा बेत आहे.

तासगावचा_बेदाणा

आमच्या मळ्याच्या बांधाला आहे वेल. काटे लई बेकार, पण शेंगा वाळल्या की पोत्यानं देतो. सांगलीत कुठं पोचवू बोला.

केझोन_काका

थांबा थांबा. बिया घेऊन विमानातून येऊ नका. परवान्याशिवाय बियाणं आणलेलं इथे चालत नाही. विमानतळावर काढून घेतात, वर प्रश्न वेगळे.

मकातीकरीण

आईंना सांगितलं. जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "बरं, राहू दे बिया. आयर्विन पुलाखाली कृष्णेचे गोटे आहेत ना, गुळगुळीत. ते काही उगवत नाहीत म्हणावं."

@तासगावचा_बेदाणा, गजगे तरी द्याच. ते सांगलीत नातीला शिकवायला.

तासगावचा_बेदाणा

दिवाळीनंतर आणून देतो. आजींना सांगा, चांगले टपोरे निवडून ठेवतो.